पदर डोक्यावर, चपला पायातच: जॉर्जियातल्या स्वेतित्सखोवेलीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लेक जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मेडिकलला आहे असं सांगितलं, तर आमच्या सावंतवाडीत आता कुणी भुवया उंचावत नाही. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिकडे शिकतात आणि त्यांच्यामागोमाग वर्षा-दोन वर्षांनी आईबापही विमानात चढतात. तिथे पोचल्यावर मुलांचे वर्ग आणि परीक्षा चालूच असतात. तीन दिवसांत फ्लॅट घासूनपुसून होतो, मसाल्याचे डबे भरून होतात, मग कुणीतरी सुचवतं, ‘जवळच्या मत्सखेता गावी जाऊन या ना. तिथल्या चर्चमध्ये येशूचं वस्त्र आहे.’

आम्ही दोघं तसेच उठून गेलो, एक अक्षर न वाचता. अर्धा तास आत वस्त्र शोधत फिरलो. काचेच्या पेटीत असेल, चांदीच्या कपाटात असेल, वरच्या मजल्यावर असेल. शेवटी यांनी बाहेरच्या बाकावर बैठक मारली आणि म्हणाले, ‘म्युझियममध्ये नेलं असणार.’ ते कुठेही नेलेलं नव्हतं, आमच्या पायाखालीच होतं. पुढच्या दोन खेपांत लेकीला सोबत घेऊन नीट विचारपूस केली, ती सगळी इथे उतरवून ठेवते.

१. काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते आधी ठरवून घ्या

स्वेतित्सखोवेली हे जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चचं सर्वांत मानाचं देऊळ. आजची इमारत १०१० ते १०२९ या काळात बांधलेली, वास्तुविशारद अर्सुकिद्झे. त्याआधी याच जागी पाचव्या शतकात राजा वाख्तांग गोर्गासालीने बांधलेलं चर्च होतं आणि त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, लाकडी चर्च. मत्सखेता ही तेव्हा राजधानी होती. गावातली आणि आसपासची तीन स्थळं, म्हणजे स्वेतित्सखोवेली, डोंगरावरचा ज्वारी मठ आणि बायकांचा साम्तावरो मठ, १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता कथा, कारण ती माहीत नसेल तर आत एक नक्षीदार चौकोनी खांब सोडून काही दिसणार नाही. येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा मत्सखेताचा एलिओझ नावाचा ज्यू जेरुसलेममध्ये होता. त्याने रोमन सैनिकाकडून येशूचं वस्त्र विकत घेतलं आणि गावी आणलं. त्याच्या बहिणीने, सिदोनियाने, ते छातीशी धरलं आणि त्याच क्षणी तिचा प्राण गेला. हातातून वस्त्र सुटेना, म्हणून तिला त्याच्यासकट पुरलं. त्या जागी देवदाराचा वृक्ष वाढला. तीनशे वर्षांनी संत नीनो आली, राजा मिरियानने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो देवदार तोडून चर्चचे सात खांब करवले. सहा उभे राहिले, सातवा अधांतरी राहिला. नीनोने रात्रभर प्रार्थना केली तेव्हा कुठे तो खाली आला आणि त्यातून रोग बरे करणारं तेल पाझरू लागलं. ‘स्वेती’ म्हणजे खांब, ‘त्सखोवेली’ म्हणजे जीवन देणारा.

म्हणजे वस्त्र जमिनीखाली आहे, अशी तिथली श्रद्धा. ते उघडं ठेवत नाहीत, सणालाही नाही. आळंदीला आपण समाधीला डोकं टेकतो, आत काय आहे ते बघायला मागत नाही, तसंच हे. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो अर्धा तास वाचला असता.

२. कागदपत्रं आणि पिशवीतल्या वस्तू

भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाला ई-व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल, तर त्याच्या आधारेही जाता येतं, पण त्याच्या अटी निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर वाचा. खरी अडचण विमानतळावर येते. व्हिसा हातात असूनही तिथला अधिकारी प्रश्न विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर परत पाठवू शकतो. म्हणून हे सगळं कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन प्रती
- परतीचं तिकीट
- राहण्याचा पत्ता, आणि मुलाकडे उतरणार असाल तर त्याच्या विद्यापीठाचं पत्र व निवास परवान्याची प्रत
- प्रवासात आरोग्य आणि अपघात दोन्ही धरणारा विमा. जानेवारी २०२६ पासून तो पर्यटकांना सक्तीचा आहे, संरक्षण किमान ३० हजार लारींचं (लारी हे तिथलं चलन)
- खर्चाला पैसे आहेत असं दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट

फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्या पुढच्या गृहस्थांचा फोन नेमका रांगेत बंद पडला आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

मत्सखेताच्या दिवसासाठी पिशवीत मोठी ओढणी, जाड मोजे, पाण्याची बाटली आणि एक-दोन लारींची सुटी नाणी एवढं पुरे. चर्चमध्ये तिकीट नाही. नाणी लागतात मेणबत्तीला, स्वच्छतागृहाला आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना.

३. वार निवडताना

शनिवार-रविवारी तिथे लग्नं आणि बाप्तिस्मे एकापाठोपाठ एक लागतात. एक वऱ्हाड बाहेर पडतंय, दुसरं आत शिरतंय, पांढऱ्या झग्यातल्या नवऱ्या अंगणात फोटोला उभ्या. बघायला मजा येते, पण खांबापाशी दोन मिनिटं शांत उभं राहायचं असेल तर मंगळवार-बुधवारची सकाळ धरा.

उपासना ऐकायची असेल तर मात्र रविवारीच जा, सकाळी नऊच्या सुमाराला. वाद्य कुठलंच नाही, नुसता गळा, आणि तीन वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज एकमेकांत मिसळून घुमटाकडे जातात. जॉर्जियन बहुस्वरी गायनाला युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला आहे. मला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी आमच्या गावच्या देवळातला काकड्याचा सूर आठवला.

देवळाचा सण १४ ऑक्टोबरला, त्याला ‘स्वेतित्सखोव्लोबा’ म्हणतात. त्या दिवशी अख्खा परिसर माणसांनी भरतो आणि गाड्या गावाबाहेरच अडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

४. कपडे: इथे आपण जिंकतो

बायकांनी डोकं झाकायचं, खांदे झाकायचे, आणि पँटऐवजी झगा किंवा स्कर्ट घालायचा. पुरुषांनी हाफ पँट घालायची नाही आणि टोपी काढून हातात घ्यायची. दारात कमरेला गुंडाळायचे कपडे आणि रुमाल ठेवलेले असतात, जीन्समधल्या मुली ते लपेटून आत जातात.

मी नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी नेसून गेले होते. पदर डोक्यावरून घेतला आणि दुसरं टोक पोटावरून कमरेला खोचलं. दारातल्या बाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवून पसंती दिली. पंजाबी ड्रेसही चालून जातो, कुर्ता लांब असला तर. कडक चर्चमध्ये मात्र त्यावरही कमरेला कापड गुंडाळायला सांगतात, तेव्हा वाद घालू नका. ओढणी घसरणारी नको, सुती घ्या. सिल्कची असेल तर दर दोन मिनिटांनी ती सावरण्यात लक्ष जातं.

आणि आता चपला. पहिल्या खेपेला मी सवयीने दारात चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. नोव्हेंबर महिना, दगडी फरशी बर्फासारखी. मागून एक मुलगा माझ्या चपला दोन बोटांत धरून धावत आला. त्याला वाटलं मी विसरले. तिथे चपला घालूनच आत जातात. मनाला पटायला वेळ लागतो, पण जमिनीखाली राजांच्या कबरी आणि त्यावर बूट, हे तिकडे गैर मानत नाहीत. फारच जड वाटलं तर मोजे जाड घाला. काढायच्या फंदात मात्र पडू नका.

५. तिबिलिसीहून जायचं कसं

अंतर साधारण वीस किलोमीटर. मेट्रोने दिदुबे स्टेशनला उतरा. बाहेर आपल्या एस.टी. स्टँडसारखा गोंधळ आहे: भाजीवाले, मोजे विकणारे, ओरडणारे ड्रायव्हर. तिथून मत्सखेताला ‘मार्शरुत्का’ सुटते, म्हणजे आपली वडापची गाडी, फक्त बसायला प्रत्येकाला जागा मिळते. थोड्या थोड्या वेळाने गाडी असते, भाडं मोजक्या लारींचं, अर्ध्या तासात पोचवते. पाट्या जॉर्जियन लिपीत असतात आणि ती लिपी म्हणजे नुसती जिलबी, म्हणून गावाचं नाव मुलांकडून फोनमध्ये त्या लिपीत लिहून घ्या आणि ड्रायव्हरला दाखवा. उच्चार ‘मत्सखेता’ असा केला तरी समजतात.

सापळा इथे आहे. स्टँडच्या तोंडाशीच कुणीतरी टॅक्सीवाला गाठतो आणि सांगतो, ‘मार्शरुत्का नो. टुडे नो.’ आम्ही विश्वास ठेवला. त्याने पन्नास लारी घेतले, आणि आमची टॅक्सी स्टँडमधून बाहेर पडत असतानाच शेजारून मत्सखेताची गाडी निघाली, निम्मी रिकामी. आमचे हे त्यानंतर तासभर गप्प होते. टॅक्सीच हवी असेल तर फोनवरच्या अॅपवरून मागवा, भाडं आधी दिसतं.

रस्ता ओलांडताना एक लक्षात ठेवा: तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. आपली मान सवयीने उलट्या बाजूला वळते.

६. आधी ज्वारी, मग खाली

डोंगरावरच्या मठाचं नाव ज्वारी. हो, आपली भाकरीचीच, उच्चार अगदी तसाच. तिकडे त्याचा अर्थ क्रूस. संत नीनोने इथे लाकडी क्रूस उभा केला, आणि आजचं छोटं दगडी चर्च सहाव्या शतकाच्या शेवटी आणि सातव्याच्या आरंभी बांधलेलं. आत अंधार, मधोमध क्रूस, एवढंच. जायचं ते बाहेरच्या कठड्यासाठी. खाली म्त्कवारी आणि अरागवी या नद्यांचा संगम दिसतो, एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं निळसर, आणि मिसळल्यावरही बरंच अंतर दोन रंग वेगळे राहतात. संगमाच्या बेचक्यात गाव आणि गावाच्या मधोमध तटबंदीत स्वेतित्सखोवेली. हे एकदा वरून पाहिलं की खाली वाट चुकत नाही.

वर सार्वजनिक गाडी जात नाही. मत्सखेतातून टॅक्सी करा, जाऊन-येऊन आणि अर्धा तास थांबून किती, हे बसण्याआधी बोटांवर मोजून ठरवा. वारा भयंकर असतो, ओढणीला पिन लावा.

७. आत शिरल्यावर

तटाच्या दारातून आत आलात की लगेच आत धावू नका. बाहेरून एक फेरी मारा. पूर्वेच्या भिंतीवर दोन बैलांची मुंडकी कोरलेली आहेत, ती पाचव्या शतकातल्या जुन्या चर्चची आहेत असं मानतात. उत्तरेच्या भिंतीवर वर मान करून शोधलंत तर एक हात दिसेल, हातात कारागिराचं हत्यार. शेजारचा लेख असा की हा देवाचा दास अर्सुकिद्झे याचा हात, त्याला क्षमा असो. लोक सांगतात, त्याचं काम पाहून मत्सर झाला आणि त्याचा हात तोडला गेला. खरंखोटं सोडा, पण हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं नाव देवळाच्या भिंतीवर असणं मला फार आवडलं. आपल्याकडे हेमाडपंती म्हणून आपण सगळी देवळं एकाच नावावर टाकून मोकळे होतो.

आत खुर्च्या नाहीत. भिंतीला लागून थोडे बाक असतात, ते म्हाताऱ्यांचे. सगळी उपासना उभ्याने. पाठदुखी असेल तर वीस मिनिटांनी बाहेर येऊन पुन्हा आत जा, कुणी काही म्हणत नाही.

दाराजवळ उजवीकडे दगडी बाप्तिस्म्याचं कुंड, चौथ्या शतकातलं मानतात. पुढे उजव्याच अंगाला एक छोटं दगडी देऊळ देवळाच्या आत दिसेल. ती जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चची प्रतिकृती. आणि मध्याकडे, उजवीकडेच, तो चौकोनी दगडी खांब-मंडप, त्यावर सतराव्या शतकातली भित्तिचित्रं. हीच ती जागा. चित्रं नीट पाहा: सिदोनिया, देवदार, अधांतरी खांब, सगळी कथा त्यावर रंगवली आहे. कथा वाचून गेलात तर एकेक पात्र ओळखता येतं.

पुढे वेदीसमोर फरशीत राजांच्या कबरी. तलवार आणि ढाल कोरलेली ती दुसऱ्या एरेक्लेची, १७९८ मध्ये वारला. भोवतालची तटबंदीही त्याच्याच काळातली. वाख्तांग गोर्गासालीचीही कबर इथेच असल्याचं मानतात.

समोर चित्रांची उभी भिंत असते, तिला आयकॉनोस्टासिस म्हणतात. तिच्या पलीकडे गाभारा. तिथे फक्त पुरोहितवर्ग जातो. दार उघडं दिसलं म्हणून डोकावायला जाऊ नका. उपासना चालू असताना पुरोहित आणि वेदी यांच्या मधून जायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत, वेदीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. शेवटी लोक रांग लावून चमच्याने प्रसाद घेतात. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. तो फक्त बाप्तिस्मा झालेल्या ऑर्थोडॉक्स लोकांसाठी असतो. आपल्याकडे प्रसाद नाकारणं अपमान, तिथे मागणं अडचणीचं. फोटो काढण्याआधी ‘शेइद्झलेबा?’ असं विचारा, म्हणजे ‘चालेल का?’ फ्लॅश कधीच नको.

एक भाषेची गंमत. जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे बाबा, आणि पुरोहिताला हाक मारायची ती ‘मामाओ’. लेकीने पहिल्यांदा एका काळ्या झग्यातल्या दाढीवाल्यांना ‘मामाओ’ म्हटलं तेव्हा माझ्या सख्ख्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला तोंडाला पदर लावावा लागला. ‘देदा’ म्हणजे आई. ‘गामार्जोबा’ नमस्काराला, ‘मादलोबा’ आभाराला. या चार शब्दांवर दिवस निघतो.

८. मेणबत्ती कुठे लावायची, हे नक्की विचारा

दाराजवळच्या छोट्या दुकानात बारीक, मधाच्या रंगाच्या मेणबत्त्या मिळतात. नाव ‘सांथेली’. वेगवेगळ्या जाडीच्या असतात, लहानातली लहान घेतली तरी चालते. हातात धरली की बोटांच्या उबेने वाकायला लागते आणि मेणाचा वास दिवसभर हाताला राहतो. पेटवायची ती आधीच जळणाऱ्या दुसऱ्या मेणबत्तीवर, काडी ओढायची नाही. बूड जरा ज्योतीवर मऊ करून खोबणीत रोवायचं.

आता चूक कुठे होते ते सांगते. जिवंत माणसांसाठी मेणबत्ती लावतात आयकॉनसमोरच्या, म्हणजे संतांच्या पवित्र चित्रासमोरच्या, गोल उभ्या स्टँडवर. गेलेल्यांसाठी जागा वेगळी, तिथे क्रूस असतो. मी लेकीची परीक्षा नीट जावी म्हणून भक्तिभावाने जी लावली, ती नेमकी गेलेल्यांच्या जागी. डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक आजी बोथट सुरीने सांडलेलं मेण खरवडत होती. तिने मला विचारलं असावं, कुणासाठी? मी लेकीकडे बोट दाखवलं. आजीने ‘वाइमे!’ म्हणून माझी मेणबत्ती चटकन उपटली, माझं मनगट धरलं आणि ओढतच आई मरियमच्या आयकॉनसमोर नेऊन माझ्याच हाताने पुन्हा लावायला लावली. मग लेकीच्या गालाला चिमटा काढला.

तुमची मेणबत्ती अर्ध्यातच विझवून कुणी काढली तर मनाला लावून घेऊ नका. गर्दी झाली की जागा करायला त्या काढतातच.

९. साम्तावरो: इथे खरोखर अवशेषांसमोर उभे राहता

बहुतेक पर्यटक स्वेतित्सखोवेली बघून आइस्क्रीम खातात आणि परततात. तसं करू नका. आठ-दहा मिनिटं चाललात की साम्तावरो, बायकांचा मठ. राजा मिरियान आणि राणी नाना यांच्या कबरी इथे. पण स्थानिक लोक येतात ते संत गाब्रिएलसाठी.

गाब्रिएल हा अगदी अलीकडचा साधू. सोव्हिएत काळात, १ मे १९६५ च्या मिरवणुकीत, त्याने तिबिलिसीत लेनिनचं भलं मोठं चित्र जाळलं. त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. आयुष्याची शेवटची वर्षं तो याच मठात राहिला, १९९५ मध्ये वारला. चर्चने २०१२ मध्ये त्याला संत घोषित केलं आणि २०१४ मध्ये त्याचे अवशेष कबरीतून काढून चर्चमध्ये ठेवले. रांगेत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने त्याला जिवंतपणी पाहिलेलं असू शकतं. हजार वर्षांच्या दगडांपेक्षा मला याचाच जास्त शहारा आला.

रांगेत कसं वागायचं: माणसं क्रुसाची खूण करतात, वाकतात, अवशेषांच्या पेटीवर ओठ टेकतात. आपण तसं केलंच पाहिजे असं नाही. मी पुढे होऊन हात जोडले, कपाळ किंचित झुकवलं आणि बाजूला झाले. कुणी वेगळं पाहिलं नाही. न येणारी खूण उगाच करायला जाऊ नका, उजवा खांदा आधी की डावा यात गोंधळ होतो. लिपस्टिक लावून जाऊ नका. पेटीपाशी रेंगाळू नका, मागे आजारी माणसं उभी असतात. आणि तिथे फोन पिशवीतच राहू द्या.

१०. सिओनी, दुसऱ्या दिवशी

एकाच दिवसात सगळं कोंबू नका. तिबिलिसीच्या जुन्या भागातलं सिओनी चर्च दुसऱ्या दिवशी सकाळी करा, नदीपासून जवळच आहे. इथे संत नीनोचा क्रूस आहे. द्राक्षवेलीच्या दोन काटक्या तिने स्वतःच्या केसांनी बांधल्या, असं सांगतात, म्हणून त्याचे दोन्ही हात खाली झुकलेले. जॉर्जियात जिथे जिथे असा खांदे पाडलेला क्रूस दिसेल, तो नीनोचा. अठराव्या शतकात तो रशियाला गेला होता, १८०१ मध्ये झारने परत केला. आयकॉनोस्टासिसच्या डावीकडे पाहा. काटक्या दिसणार नाहीत, नक्षीदार धातूचं आवरण दिसेल. एव्हाना तुम्हाला याची सवय झालेली असेल.

११. जेवणाचं

शाकाहारी असाल तर एकच शब्द पाठ करा: ‘सामार्ख्वो’. म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, त्यामुळे कडक शाकाहाऱ्यालाही निश्चिंत जेवता येतं (कांदा-लसूण मात्र भरपूर). मत्सखेतात मातीच्या मडक्यात शिजवलेला राजमा, ‘लोबिओ’, मिळतो, सोबत मक्याची जाड भाकरी, ‘म्चादी’. राजमा भरलेली पोळी म्हणजे ‘लोबिआनी’, पण ‘राचुली’ लोबिआनी मागवू नका, तिच्यात डुकराचं मांस असतं. वांग्यात अक्रोडाचं वाटण भरलेली ‘बाद्रिजानी’ तर आमच्या भरल्या वांग्याची थंड बहीण.

१२. परतल्यावर एकदा ओल्ड गोव्याला

ही पायरी कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत नसेल, पण माझ्यासाठी सगळा प्रवास इथे येऊन मिळाला. तिबिलिसीत मी ‘गोवा’ म्हटलं की जुन्या माणसांच्या चेहऱ्यावर ओळख उमटायची, मला कारण कळेना. लेकीच्या घरमालकिणीने सांगितलं: केतेवान.

पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं, धर्म सोडायला सांगितलं, तिने नाकारलं आणि १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पंथाच्या कॅथलिक साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातला एक भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. ओल्ड गोव्याच्या त्यांच्या मठात, खिडकीपाशी, दगडी पेटीत ते ठेवले. पुढे १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, आणि राणी ढिगाऱ्याखाली गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासलं आणि ते तिचंच असल्याला २०१३ मध्ये दुजोरा दिला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत नेऊन जॉर्जियाच्या हवाली केला. केतेवानचा सण तिकडे २६ सप्टेंबरला असतो.

तो मठ म्हणजे ओल्ड गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा. आमच्या सावंतवाडीहून दोन-अडीच तासांवर. शाळेच्या सहलीला त्याच्यासमोर उभं राहून मी फोटो काढला होता, ‘मागे काहीतरी पडलेलं’ म्हणून. बॉम जीझसच्या बासिलिकाकडून चढ चढून दहा मिनिटांत पोचता. मनोरा साधारण ४६ मीटर उंच, त्याच्यामागे छप्पर नसलेल्या भिंती. राणीची पेटी ज्या खिडकीपाशी होती, तो मठाच्या सभागृहाचा भाग कुठला ते आधी तिथल्या रखवालदाराला विचारा, नाहीतर नुसत्या चिऱ्याच्या भिंतींत फिरत राहाल. सावली नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत जा. पावसाळ्यात चिऱ्यावर हिरवं शेवाळ धरतं, तेव्हा तळवा घसरणार नाही अशाच चपला घाला.

मत्सखेताहून आणलेली एक सांथेली माझ्या पर्समध्ये वाकून पडली होती. पुरातत्त्व खात्याच्या जागेत पेटवायची कशी, म्हणून ती नुसती खिडकीच्या चौथऱ्यावर क्षणभर ठेवली आणि परत पर्समध्ये टाकली. गाडीत बसेपर्यंत पर्सला मधाचा वास येत होता.